सामाईक जमिनीतला साग कोणाचा?

मागच्या भागानंतर बेळगाव, इंदूर, बडोद्याहून एकच प्रश्न आला: गावच्या सामाईक जमिनीतली झाडं चुलतभावाने तोडली, आता काय करायचं?

माझीच गोष्ट सांगतो. १९९६ साली मी लेहला होतो. चार महिन्यांनी सुट्टीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी आलो, तर परड्यामागचे अकरा साग नव्हते. फक्त खोडांचे बुंधे. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पोरीचं लग्न होतं. आणि परवानगी काढली होती." परवानगी होती खरी. त्यासोबतच्या संमतीपत्रावर माझी सहीसुद्धा होती. मी कधीच न केलेली.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे साग, खैर, आंबा, फणस अशी यादीतली झाडं तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. वाटणी होईपर्यंत जमिनीच्या तसू-तसूवर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क असतो. एकाने आंबे उतरवले, वाळकी लाकडं नेली, तर कोर्ट सहसा कपाळाला आठ्या घालत नाही. पण उभी सागवाट विकून सगळे पैसे खिशात घालणं वेगळं. तिथे बाकीच्यांना हिशेब आणि आपला वाटा मागता येतो.

कुऱ्हाड अजून पडली नसेल तर वेळ घालवू नका. वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावून त्यातच तात्पुरता मनाई हुकूम मागा. लाकूड एकदा गिरणीत चिरलं गेलं की भांडण उरतं ते निव्वळ पैशांचं. तोड झालीच असेल तर बुंधे मोजा, प्रत्येकाचा घेर फितीने घ्या, फोटो काढा, गावातल्या दोघांच्या सह्या घ्या. वाहतूक पासची नक्कल मागवा, किती माल गेला ते त्यातच दिसतं. भरपाईच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते.

"झाडं मी आधीच विकत घेतलीत" असं सांगणारा व्यापारीही भेटेल. १९५८ च्या शांताबाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा फरक सांगितला आहे: लवकर तोडायचं लाकूड ही जंगम मालमत्ता, पण वर्षानुवर्षं जंगलात शिरून झाडं वाढतील तशी तोडण्याचा हक्क म्हणजे स्थावर मालमत्तेतला हक्क, त्याला नोंदणीकृत दस्त हवा. त्या बाईंचा दस्त बारा वर्षांहून अधिक काळाचा होता आणि नोंदवलेला नव्हता. त्या हरल्या.

फौजेतल्या पोरांनो, तुमच्यासाठी १९२५ चा सैनिक दावे कायदा आहे. विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेत असताना तुमच्यावर दावा चालू असेल आणि कोर्टात तुमच्यातर्फे कोणी नसेल, तर काम तहकूब ठेवण्याची त्यात तरतूद आहे. कमांडिंग ऑफिसरला वेळेवर कळवा.

माझं काय झालं? खोट्या सहीची फिर्याद द्यायला मी निघालो होतो. आई उंबऱ्यात बसून राहिली; म्हणाली, त्या पोरीच्या सासरी पोलीस पाठवणार का? मी फिर्याद दिली नाही. बरोबर केलं की नाही, आजही ठाऊक नाही. भावाने तीन हप्त्यांत माझा वाटा दिला, कागदावर. त्याच वर्षी जमिनीची मोजणी करून घेतली. बांधावरचे सात साग मात्र अजून दोघांच्या नावावर आहेत.