एकविसाव्या दिवशी अंडी फेकू नका

गिनी फाउल पाळणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘एकविसावा दिवस उलटला तरी एकही पिल्लू नाही. अंडी वांझ निघाली, उकिरड्यावर टाकली.’ टाकलेलं एखादं अंडं फुटलं तर आत काय दिसतं, ते तरी पाहावं. लव आलेलं, चोच फुटलेलं, कधी अजून हलणारं पिल्लू, आणि पोटाबाहेर बलकाची पिवळी पिशवी. ती पिशवी पोटात ओढून घ्यायलाच त्याला आणखी काही दिवस हवे होते. अंडं चांगलंच होतं.

एकवीस दिवसांचा हिशेब कोंबडीचा. गिनी फाउल हा मूळचा आफ्रिकेतला, वेगळ्या कुळातला पक्षी. त्याची अंडी उबायला २६ ते २८ दिवस लागतात. बदकाचे २८ दिवस कुणी नाकारत नाही, मग इथेच कोंबडीचं कॅलेंडर का लावायचं?

गोंधळाचं मूळ बहुधा खुडूक कोंबडीत आहे. गिनीची मादी पाळीव अवस्थेत अंड्यांवर चिकाटीने बसेलच असं नाही, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात. पण दिवस ठरतात ते अंडं कुणाचं यावर. बसलंय कोण, याने फरक पडत नाही. त्यातच दोन्ही प्रकारची अंडी एकाच दिवशी ठेवली, की एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं बाहेर येतात, ती त्यांना घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडून खरोखरच मरतात. मग ‘बघा, वांझच होती’ असं म्हणायला लोक मोकळे! गिनीची अंडी आठवडाभर आधी ठेवली तर हा घोळ होत नाही.

शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत दहाव्या दिवशी अंडं टॉर्चवर धरावं. कवच जाड आणि बऱ्याचदा तपकिरी ठिपक्यांचं, त्यामुळे उजेड प्रखर हवा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे.

‘कवच जाड, म्हणून उष्णता जास्त हवी’ हेही चूक. पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये कोंबडीइतकंच, साधारण ३७.५ अंश तापमान लागतं. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं थांबवायचं आणि ओलावा वाढवायचा.

विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात, हा समज पावसाळ्यात फार जोरात असतो. स्टॅडेलमन यांनी १९५८ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये कोंबडीच्या अंड्यांवर मोठ्या आवाजाचे प्रयोग मांडले, उबवणीवर वाईट परिणाम दिसला नाही. वादळात नुकसान करते ती गेलेली लाइट आणि थंड पडलेलं यंत्र.

टोकदार अंड्यातून नर? नाही. पक्ष्यांत लिंग मादीच्या बीजाने ठरतं, कवचाच्या आकाराने नव्हे.

कवचाला भोक पडलं की सोलून ‘मदत’ करणारे तर हात आवरतच नाहीत. आतल्या पडद्यात अजून रक्त खेळत असतं. ओढलं की पिल्लू रक्तस्रावाने जातं. भोक पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. बाहेर आल्यावरही लगेच चारायची घाई नको, पोटातला बलक दीड-दोन दिवस पुरतो. पाण्याची ताटली मात्र उथळ हवी आणि तीत खडे टाकलेले हवेत, कारण ही इवलीशी पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.