छायाचित्र काढणे आणि दाखविणे

पाहुण्यांचा चहा झाला की घरातील हौशी छायाचित्रकार हळूच उठतो आणि आतून एक जाडजूड आल्बम घेऊन येतो, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पाहुणे पाने उलटतात, "छान, छान" म्हणतात आणि मधूनच घड्याळाकडे पाहतात. यजमानाचे लक्ष मात्र चित्रांकडे नसते. तो पाहुण्यांचे चेहरे न्याहाळीत असतो. त्याच्या या अधीरपणास आपण हसतो. मीही हसलो आहे, आणि माझ्या आल्बमालाही लोक हसले आहेत. परंतु चित्र काढणे हा या छंदाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून पुरा होत नाही, हे आज आपल्यापुढे मांडावे असा माझा विचार आहे.

हा छंद आपल्याकडे रुजला तोच मुळी चार समानधर्मी माणसांच्या बैठकीत. मुंबईस १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. दोघेही वैद्यकीचा व्यवसाय करणारे. पोटासाठी कॅमेरा हाती धरण्याचे त्यांस कारण नव्हते. अशा मंडळींना एकत्र येण्याची निकड का भासली, हे त्या काळची रीत पाहिली म्हणजे ध्यानात येते. काचेवर रासायनिक द्रवाचा थर द्यावयाचा, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि तो वाळण्यापूर्वीच काच धुवावयाची, असा तो द्राविडी प्राणायाम होता. आपल्या उन्हाळ्यात थर भराभर वाळे. काच वाया जाई. एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्यास कळली नाही, तर त्यानेही तितक्याच काचा वाया घालवावयाच्या! तेव्हा परस्परांची चित्रे पाहणे आणि चुका विचारणे ही त्या काळी केवळ हौस नव्हती, गरज होती.

आम्हां इंदूरकरांना या संदर्भात एक नाव अभिमानाने सांगता येते. लाला दीनदयाळ हे इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो नोकरी सांभाळून, फावल्या वेळात. सर हेन्री डेली यांच्या दृष्टीस त्यांचे काम पडले, त्यांनी उत्तेजन दिले. तुकोजीराव होळकरांनीही आश्रय दिला. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर हिंडून त्यांनी ग्वाल्हेर, सांची, खजुराहो अशा ठिकाणच्या वास्तूंची चित्रे घेतली. पुढे नोकरी सोडून ते हैदराबादेस निजामाच्या पदरी गेले आणि 'राजा' या किताबाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे काम कोणी पाहिलेच नसते, तर ते बहुधा अंदाजपत्रकेच करीत राहिले असते!

पुढे ईस्टमनने १८८८ साली गुंडाळलेल्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा काढला, १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी आणला, आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडला. आमच्या पिढीच्या हाती आला तो बडोद्यास तयार झालेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री. एका रोलवर बाराच चित्रे निघत. तेरावे नाही! त्यामुळे बटन दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. रोल धुऊन येईपर्यंतची हुरहुर निराळीच.

आमच्यापैकी काहींनी पुढे घरीच प्रिंट काढण्याचा उद्योग आरंभिला. रात्री जेवणे उरकली की स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावावयाची आणि लाल दिवा लावावयाचा. ब्रोमाइड कागदाला लाल प्रकाशाची बाधा होत नाही. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडला तरी कागद कोराच दिसतो. तो डेव्हलपरमध्ये बुडविला की जेथे प्रकाश लागला असेल तेथील चांदीच्या क्षाराचे काळ्या चांदीत रूपांतर होते, आणि पांढऱ्या कागदावर हळूहळू एक चेहरा उमटू लागतो. शेकडो वेळा पाहिले, पण त्या क्षणी श्वास रोखला गेला नाही असे कधी झाले नाही. नंतर हायपोच्या पाण्यात न वापरलेला क्षार विरघळून जातो. तो राहिला तर चित्र उजेडात काळवंडेल. आणि शेवटी हा हायपोही तासभर वाहत्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. येथे आळस केला की काही वर्षांनी चित्र पिवळे पडते. माझी पहिली कित्येक चित्रे अशीच गेली.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहासात जण एका निवृत्त ड्रॉइंगमास्तरांच्या ओसरीवर जमत असू. नियम साधे होते. प्रत्येकाने दोनच चित्रे आणावी. मागे पेन्सिलीने स्थळ आणि तारीख लिहावी. आणि सर्वांचे पाहून होईपर्यंत ज्याचे चित्र त्याने तोंड उघडू नये. हा शेवटचा नियम पाळणे फारच कठीण.

एकदा मी महेश्वरच्या घाटाचे चित्र नेले. पहाटे उठून, नर्मदेत गुडघाभर पाण्यात उभे राहून घेतलेले. पायऱ्या, वर किल्ल्याची भिंत, देवळाचे शिखर, सारे व्यवस्थित साधले होते. मास्तरांनी काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे काढले आणि चित्रावर ठेवून सरकवीत सरकवीत शिखर झाकले, भिंत झाकली, घाटही बहुतेक झाकला. उरली कोपऱ्यातील एक बाई, ओल्या पदराने कपाळ पुसणारी.

"का रे, ह्या बाई कोण?"

"मास्तर, ती माझी आई. देऊळ नीट यावं म्हणून मीच तिला बाजूला व्हायला सांगितलं होतं."

मास्तर काही बोलले नाहीत. पुठ्ठे तसेच ठेवून त्यांनी चित्र पुढच्याकडे दिले. मला राग आला. पुढचे दोन महिने मी त्या ओसरीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र एका रात्री निगेटिव्ह काढली आणि पुठ्ठ्यांनी दाखविला होता तेवढाच भाग मोठा करून पाहिला. दाणे जरा फुटले आहेत, कडा मऊ आहेत. आई गेल्यानंतर घरात लावण्याजोगे तिचे असे एकच चित्र निघाले, ते हे.

आता फिल्म हौशी मंडळींपुरतीच उरली आहे, आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. दाखविण्याची सोय तर इतकी की चित्र काढल्यापासून पाऊण मिनिटात ते बडोद्याहून बेळगावास पोहोचते. याला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. दूर गेलेल्या मुलांचे तोंड दिसते ते त्यामुळेच. परंतु उत्तरादाखल एक उभा अंगठा येतो आणि कारभार आटोपतो. कोपऱ्यात कोण उभे आहे, हे विचारण्याइतका वेळ कोणी त्या चित्रापाशी थांबत नाही. ज्यांना या छंदाची खरी गोडी असेल त्यांनी गावातील चारपाच जण जमवावे, महिन्याला दोन चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावी आणि एकमेकांच्या हाती द्यावी. निवडतानाच निम्मे शिक्षण होते.

मास्तरांचे ते काळे पुठ्ठे आता माझ्याकडे असतात. परवा नातीने सहलीची चित्रे दाखवावयास मोबाइल पुढे केला, तेव्हा सवयीने मी ते त्या पडद्यावर ठेवले. पुठ्ठे मोठे पडले. तिने निमूटपणे कात्री आणून दिली.