कर्णा खोटा, मोटर खरी

माझ्या संग्रहातला पहिला ग्रामोफोन खोटा होता. पितळी कर्णा, अष्टकोनी सागवानी पेटी आणि पुढे कुत्र्याचं चित्र असलेली चकती. पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेत्याने ‘साहेबाच्या बंगल्यातला माल’ म्हणून तो दाखवला आणि मी दिवाळीचा अख्खा बोनस त्याच्या हातावर ठेवला. घरी काय ऐकून घ्यावं लागलं, ते इथे सांगत नाही.

मी काळेवाडीत राहतो आणि भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपच्या टूलरूममध्ये काम करतो. संगीताचं शिक्षण नाही, इतिहासाची पदवी नाही. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि जुना बाजार भरतो बुधवारी व रविवारी. त्यामुळे दुसरी पाळी असेल त्याच बुधवारी सकाळी मंगळवार पेठ गाठायची आणि दुपारी कामावर हजर व्हायचं, असा माझ्या संशोधनाचा शिरस्ता.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे खेडोपाडी या यंत्राला सरसकट ‘फोनो’ म्हणत. पण एडिसनने १८७७मध्ये केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर चालत असे. चपटी तबकडी एमिल बर्लिनरची, १८८७ची, आणि त्याच्या यंत्राचं नाव ग्रामोफोन. नळकांड्यावर घरच्या घरी आवाज भरता येई. तबकडीवर तो भरता येत नसे, पण एका साच्यातून शेकडो प्रती छापता येत. बाजार तबकडीने जिंकला तो यामुळे. ते प्रसिद्ध कुत्र्याचं चित्रही मुळात फोनोग्राफचं होतं. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने कुत्र्यासमोर नळकांड्याचं यंत्र रंगवलं होतं. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं, ते जुन्या यंत्रावर रंग चढवून तिथे तबकडीचं यंत्र काढून देण्याच्या अटीवर. ही हकिकत कळली तेव्हा मला माझ्या पेटीची आठवण झाली.

आपल्या देशातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण कलकत्त्याचं, नोव्हेंबर १९०२चं. फ्रेड गायसबर्ग यंत्रं घेऊन आला. त्याने गौहरजानसह अनेकांचे आवाज टिपले, त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या आणि जहाजाने परत आणल्या. सियालदहचा कारखाना १९०८चा. मराठी माणसाने या तारखांशेजारी आणखी एक तारीख मांडावी : भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले. ज्या गळ्यावर किर्लोस्कर मंडळींची नाटकं उभी राहिली, तो गळा एका वर्षाने हुकला. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६पर्यंत होते, पण त्यांचीही रेकॉर्ड निघाली नाही. म्हणून जे आवाज तबकडीत आले, त्यांची किंमत मोठी. आणि ते ऐकवणारं यंत्र खरं आहे की खोटं, हा प्रश्नही नुसता शौकाचा राहत नाही.

आता माझ्या खोट्याकडे येतो. मी हौसेने चार ओळखीच्यांना बोलावून रेकॉर्ड लावली. त्यांत एक वयस्कर संग्राहक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना हळूच म्हणाले, “सवडीने पेटी उघडून बघा.” गुरुवारी मी पेटी उघडली. खिशात वर्कशॉपचा पिच गेज होताच. पेटीचे सगळे स्क्रू मेट्रिक, दोन तर चौफुली खाचेचे. तसा स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला आणि माझी पेटी १९१०ची म्हणून विकलेली! मोटरचे स्क्रू मात्र इंची आट्याचे. टोनआर्म ओबडधोबड ओतीव, लाकूड नवं, वर नुसता काळपट पॉलिशचा हात. म्हणजे मोटर जुनी, बाकी सगळं कालपरवाचं.

असे कर्णे आज देशभर विकले जातात. हॉटेलांच्या दारात दिसतात ते बहुतेक हेच. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. चकचकीत पितळी कर्णा दिसला की आधी संशय घ्यावा. जुने कर्णे पुष्कळदा रंगवलेल्या पत्र्याचे, काही लाकडाचे. पिन तबकडीच्या मध्यापर्यंत नीट पोचते का, ते पाहावं. नकली यंत्रात हा कोन चुकलेला असतो आणि पिन रेकॉर्डची खाच कुरतडते. शंभर ग्रॅमहून जास्त भार त्या टोकावर असतो. म्हणूनच पोलादी पिन दर बाजूला बदलायची असते; पिन झिजावी, लाखेची तबकडी झिजू नये, असा तो हिशेब आहे.

खरी चुटपुट पुढची. या पेट्यांत बसवलेली मोटर येते कुठून? जुन्या काळ्या पोर्टेबलमधून. ‘एचएमव्ही १०२’सारखी बॅगेएवढी यंत्रं १९३१पासून पुढे पंचवीसेक वर्षं बनत होती आणि मध्यमवर्गीय घरांत पोचली होती. त्यांना बाहेर कर्णा नाही, म्हणून बाजारात रुबाब नाही. मग ती फोडायची आणि मोटर पितळी कर्ण्याखाली बसवायची. एक खोटा कर्णा उभा राहतो, तेव्हा बहुधा एक खरा ग्रामोफोन मोडलेला असतो.

मधल्या काळात मोह झाला नाही असं नाही. मुलीच्या फीचे पैसे भरायचे होते आणि एक गृहस्थ माझा कर्णा दीडपट किमतीला मागत होते. त्यांना पेटी उघडून स्क्रू दाखवले. त्यांनी पाहिले आणि ते निघून गेले. फी कर्ज काढून भरली. त्यानंतर मी पेटीचं झाकण काढूनच ठेवलं. दर महिन्याच्या एका गुरुवारी आमच्या दोन खोल्यांत बैठक भरते. तिथे नवा माणूस आला की आधी हे उघडं पोट बघतो, मग गाणं ऐकतो.

बैठकीत आम्ही वेगही मोजतो. जुन्या रेकॉर्ड सगळ्या ७८ फेऱ्यांच्या नाहीत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली रेकॉर्ड ७८वर लावली, तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनला गाऊ लागतो आणि आपण उगाच ‘काय चढा आवाज’ म्हणून माना डोलावतो. उपाय घरगुती आहे. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतरावर ७७ रेघा आखून ती तबकडीवर ठेवायची. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७८. ७४ हवा असेल तर रेघा ८१. एलईडीखाली हे बहुतेकदा जमत नाही. पिवळा बल्ब हवा.

मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे. तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ आणि मायकेल किनियर यांची १९९४ची सूची हाताशी आली, तेव्हा कळलं की यादी करणं हे ऐकण्याइतकंच मोलाचं काम आहे. आम्हीही बैठकीत आलेल्या प्रत्येक रेकॉर्डचा लेबलवरचा आणि लेबलाभोवती कोरलेला, असे दोन्ही आकडे वहीत लिहितो. आमच्या वस्तीत जुने वाडे नाहीत; पण मराठवाडा, खानदेश, कोकणातून कारखान्यांत आलेल्यांच्या ट्रंका आहेत.

अशाच एका ट्रंकेतून गेल्या वर्षी एक मावशी काळी पेटी घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी लातूरकडून येताना आणलेली. टोनआर्म, साउंडबॉक्स जागेवर. आत मोटर नाही. दुरुस्तीला दिलेली ती परत आलीच नाही, म्हणाल्या. मी माझी मोटर काढून त्यांच्या बोर्डावर ठेवली. भोकं जुळली. तीच मोटर, असं मी म्हणणार नाही; तशा हजारो बनल्या. पण तिची जागा तिथली होती.

सर्वांसमोर विचारलं, “मावशी, बसवू का?” त्या म्हणाल्या, “मग तुमच्या कर्ण्याचं काय?”

मी चार स्क्रू आवळले. इंची आट्याचे, डब्यात जपून ठेवलेले. चावी भरली. वडिलांच्या सहा रेकॉर्डपैकी पहिली लावली, तेव्हा मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि बैठकीत कुणी काही बोललं नाही.

कर्णा आता माळ्यावर आहे. कुणी पाहायला मागितला तर काढून दाखवतो, आणि रिकामी पेटीही.