मु. पो. फलाट क्रमांक एक

मलकापूर स्टेशनावर रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला फलाटावर आडवी झालेली माणसं दोन प्रकारची असतात. गाडीची वाट पाहणारी आणि मुक्कामाला आलेली. ओळखायचं कसं, तर चपलांवरून. गाडीवाला चपला काढून पायाशी ठेवतो. मुक्कामवाली चपला पिशवीत घालते आणि ती पिशवी उशाला घेते.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांना आणायला गेले होते. गाडी दीड तास उशिरा. बाकावर शेजारी पस्तिशीची एक बाई, तिच्या मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी झोपलेली आणि पायाशी पोत्यावर दहा वर्षांचा मुलगा. तिनं पदराची गाठ सोडून एकदा तिकीट पाहून घेतलं आणि पुन्हा बांधून ठेवलं. नांदुऱ्याचं तिकीट, दहा रुपयांचं. मी म्हटलं, आता नांदुऱ्याला थांबणारी गाडी कुठली? म्हणाली, ‘नाही जी. पण तिकीट असलं म्हंजे बसू देतात.’

घरी येऊन मी नियम शोधला. जवळच्या अंतराचं अनारक्षित तिकीट काढलं, की तीन तासांत किंवा तिकडं जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे उशिरा असेल तोवर, प्रवास सुरू करायचा असतो. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं. म्हणजे रात्री गाडी नसेल तर नांदुऱ्याचं तिकीट सकाळपर्यंत चालतं. रेल्वेच्या बाबूलाही पटकन सांगता येणार नाही असा हा नियम तिनं कुठलं परिपत्रक न वाचता हेरला होता. दहा रुपयांत रात्र, डोक्यावर पत्रे, नळाचं पाणी आणि दिवा. दिवा महत्त्वाचा. उजेड असेल तिथेच झोपायचं, हे रस्त्यावरच्या प्रत्येक बाईला कोणी न शिकवता कळतं.

घर कुठलं म्हणून विचारलं. तालुक्यातल्याच गावाचं नाव सांगून म्हणाली, ‘घर त्याहीचं हाये.’ मग मायबापाचं? ‘चार दिस राह्यलो भावाकडे. पाचव्या दिशी भावजयीनं माह्या पोरायच्या आधी चुलीवरचा तवा उतरवला.’ बस, एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. तवा उतरला म्हणजे काय, ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला फोड करून सांगावं लागत नाही.

२०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसं मोजली. देशात १७ लाख ७३ हजार, त्यांतली महाराष्ट्रात २ लाख ११ हजार. उत्तर प्रदेशाखालोखाल आपलाच नंबर. आकडा मोठा आहे, पण बायकांपुरता तो मला नेहमी खोटा वाटत आला आहे. प्रगणक त्या रात्री या बाकाशी आला असता, तर त्याला ही प्रवासी दिसली असती. तिच्याकडे तिकीट होतं. चार दिवस आधी आला असता, तर भावाच्या घरातली पाहुणी. बाई बेघर होते ती बहुतेक वेळा अशी हप्त्याहप्त्यानं. आधी सासर सुटतं, मग माहेर, मग मावशी, मग मंदिराची ओसरी. उघड्या रस्त्यावर ती सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर सरकारच्या कागदावर ती कुणाच्या ना कुणाच्या घरात असते.

अशा बाईनं जायचं कुठे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानं पूर्वी एकदा मोठ्या आवाजात विचारला आहे. मलकापूरहून मोताळा ओलांडून राजूर घाट चढला की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. निमित्त होतं सुरतकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचं. लोकलाजेपायी तिनं पोटचं मूल मारलं, तिला आधी फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा सौम्य झाली. वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली होती. ताराबाईंनी उलट पुरुषांनाच धारेवर धरलं. ते पुस्तक आपण स्त्रीवादाचा आद्यग्रंथ म्हणून वाचतो, वाचायलाच हवं. मला मात्र त्यात एक साधी, जागेची अडचणही दिसते. दिवस गेलेल्या त्या विधवेला चार-सहा महिने जाऊन राहता येईल असं एक दार मिळालं असतं, तर खटला उभाच राहिला नसता.

असं दार पुण्यात होतं. अशाच एका खटल्यात काशीबाई नावाच्या विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यानंतर जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३मध्ये स्वतःच्या घराशी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, अशी त्यांची जाहिरातच होती. आजच्या निवाऱ्यांच्या नियमावल्या वाचताना ही शेवटची मुभा आठवते. तू कोण, कुणाची, का आलीस, यातलं काहीही न विचारता दार उघडणं ही त्यातली खरी क्रांती.

पंडिता रमाबाईंचं काम याहून अफाट, आणि आपल्याकडे अजून अर्धवट माहीत असलेलं. १८८९ला मुंबईत शारदासदन, पुढच्याच वर्षी ते पुण्यात. १८९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, तरुण विधवांना घेऊन परतल्या. हे का केलं, तर स्वतः दुष्काळात होरपळलेल्या होत्या. आई, वडील आणि बहीण त्यांनी अन्नाविना गमावली होती. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. मग सरळ केडगावच्या माळावर राहुट्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ती जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. तिथे विहिरी खणल्या, मळा केला, माग बसवले, छापखाना काढला. मुली खिळे जुळवायला शिकल्या. आणीबाणीचा निवारा म्हणून जे सुरू झालं त्याचं दोन-तीन वर्षांत कमावतं गाव झालं. रमाबाईंच्या धर्मांतरावरून जे वादळ उठलं, त्याच्या धुरळ्यात ही रचना झाकली गेली, याची मला खंत वाटते. किती दिवस राहणार, हा प्रश्न केडगावात कुणी विचारत नव्हतं.

आता आपले नियम पाहा. सर्वोच्च न्यायालयानं दट्ट्या दिला, त्यातून शहरी बेघरांसाठी बारमाही निवाऱ्यांची योजना आली: लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय. मलकापूर लाखाच्या आतलं गाव. २०१५पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रं निघाली. पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशक एका छताखाली, कल्पना चांगलीच आहे, पण तिथे मुक्काम फार तर पाच दिवस. आणि जिल्ह्याचं ठिकाण घाटावर. शेवटची एसटी गेली की मलकापूरच्या बाईला ते पुण्याइतकंच लांब. पुढे स्वाधारगृह, तीस जणींचं. कौटुंबिक हिंसाचारातून आलेलीला तिथे एक वर्ष मिळे, इतरांना तीन. हीच योजना २०२२नंतर ‘शक्तिसदन’ नावानं चालू आहे.

या सगळ्यात एक कलम असं आहे की त्यापुढे मी दोनदा थांबले. स्वाधारगृहात आईबरोबर मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत राहू शकत होती, मुलगा फक्त आठ वर्षांचा होईपर्यंत. त्यानंतर त्याची रवानगी बालगृहात. शक्तिसदनात ही मर्यादा बारा केली आहे. बायकांच्या वसतिगृहात वाढत्या वयाचा मुलगा नको, यामागचा विचार समजतो. पण पोत्यावर झोपलेला तो दहा वर्षांचा पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही. जुन्या नियमानं त्याच्या आईला त्या रात्री निवारा आणि मुलगा यांतलं एक निवडावं लागलं असतं. नव्या नियमानं तिच्या हाती दोन वर्षं आहेत. कुटुंबासकट राहता येईल असे निवारे कागदावर आहेत, मोठ्या शहरांत थोडेफार प्रत्यक्षातही. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाला अजून सुट्टीतल्या रिकाम्या शाळा आणि धर्मशाळांची मर्जी हाच आधार.

फलाट आणि बाई म्हटलं की सिंधुताई सपकाळ आठवणारच. वर्ध्याकडची ही मुलगी, लहान वयातच लग्न, भरल्या दिवसांत नवऱ्यानं घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंतपण. पुढे परभणी, नांदेड, मनमाडच्या स्टेशनांवर गाणी म्हणत भीक मागितली आणि रात्री स्मशानात काढल्या. स्मशान का, तर तिथे रात्री पुरुष फिरकत नाहीत. निवाऱ्यावरच्या कुठल्याही शासकीय अहवालापेक्षा हे एक कारण मला जास्त शिकवून गेलं. पुढे त्या अनाथांच्या माई झाल्या, सासवडजवळ कुंभारवळणला ममता बालसदन उभं राहिलं, २०२१ला पद्मश्री मिळाली, ४ जानेवारी २०२२ला त्या गेल्या. त्यांच्या कौतुकाचे कार्यक्रम आपण बरेच केले. त्यांना स्मशानात का झोपावं लागलं, त्यावर एकही परिसंवाद ऐकल्याचं मला आठवत नाही.

एका रात्रीचा उशीर किती महाग पडतो, ते वढू बुद्रुकच्या ‘माहेर’च्या जन्मकथेत आहे. १९९१मध्ये एक गरोदर बाई सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे आसरा मागायला आली. जागा त्यांच्या हातात नव्हती. उद्या काहीतरी करते, म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ‘माहेर’ १९९७ला सुरू झालं. नाव काय ठेवलं, ते पाहा. उतरलेल्या तव्यावरचा इलाज त्या नावातच आहे.

आपल्या जिल्ह्यातही दार उघडणारे आहेत. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे ‘सेवासंकल्प’मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी आणतात, न्हाऊमाखू घालतात. मोठंच काम. पण मन थाऱ्यावर असलेली, फक्त घर नसलेली बाई त्यात कुठे बसणार? तिचं दुखणं वेगळं आहे. तिला पत्ता नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार हवेत, तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. मुलाचं नाव शाळेत घालायचं, रेशनकार्ड वेगळं करायचं, घरकुलाचा अर्ज भरायचा. प्रत्येक कागदावर पहिली ओळ ‘मु. पो.’

कायदा म्हणतो, कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला घराबाहेर काढताच येत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं सतरावं कलम तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी हा दावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. पण कोर्टाची तारीख लागेपर्यंत झोपायचं कुठे? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती; गावोगाव शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. बेघरपणावर इतका मुळातला उपाय मला दुसरा दिसत नाही. ज्या बाईचं नाव सातबारावर किंवा आठ-अवर आहे, तिला ‘घर त्याहीचं हाये’ म्हणावं लागत नाही. फिनलंडनं २००८पासून हेच दुसऱ्या टोकानं केलं: सामाईक खोल्यांचे निवारे मोडून त्यांचे छोटे फ्लॅट केले आणि बेघराच्या हाती आधी भाडेकरार दिला, बाकी उपचार-समुपदेशन नंतर. तिकडे थंडीनं माणूस मरतो म्हणून निकड जास्त, असं कुणी म्हणेल. इकडे कशाकशानं मरतो, ते वर आलंच आहे.

त्या रात्री मी तिला १८१ हा हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. तिनं कागद नीट घडी करून तिकिटाबरोबर गाठीत बांधला. फोन तिच्याकडे नव्हता, हे मला पाहुण्यांची गाडी आल्यावर, बॅगा उचलताना सुचलं. मागे वळून पाहिलं, तर मुलगा उठून बसला होता आणि आईला विचारत होता, ‘माय, आली का आपली गाडी?’ ती म्हणाली, ‘झोप अजून.’