पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही

विहिरीचं पाणी नितळ आहे, गोड लागतं, मग त्यात वाईट काय असणार? नेमकं हेच नायट्रेटच्या पथ्यावर पडतं. त्याला ना रंग, ना वास. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघालं. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ आहेत.

'उकळून प्यायलं की झालं' हा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून उकळावंच; पण नायट्रेट भांड्यातच राहतं आणि पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी किंवा टीसीएल पावडरचाही त्यावर इलाज चालत नाही. आरओने ते बरंच कमी होतं.

मोठ्या माणसाला हे पाणी पिऊन लगेच काही जाणवत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीने पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाला. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर पडतात. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी अशा बाळांचा संबंध शेतावरच्या विहिरींशी जोडला. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही.

'टाकलेला युरिया पीकच खातं' असंही आपण धरून चालतो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र असतं. जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋणभार आणि नायट्रेटवरही ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली उतरतं. एका गोणीतलं निम्मं नत्र जरी असं झिरपलं, तरी सुमारे 10 लाख लिटर स्वच्छ पाणी 45 च्या मर्यादेला जाऊन टेकतं.

म्हणून सगळं खापर युरियावर फोडायचं का? विहिरीला लागून उकिरडा, गोठा किंवा संडासाचा शोषखड्डा असेल तर तिथूनही हेच नायट्रेट उतरतं. शेणखत सेंद्रिय आहे म्हणून त्याला यातून सूट नाही. खोल बोअरचीही हमी नाही: आपल्या काळ्या पाषाणातल्या भेगांतून वरचं पाणी खाली पोचतं.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण युरियाची गोणी 270 रुपयांच्या आत आणि डीएपीची 1,350 ला मिळत असेल, तर हात युरियाकडेच जाणार. तेच खत हप्त्याहप्त्याने, वाफसा पाहून, मुळाशी दिलं तर वाया कमी जातं. ज्या घरात तान्हं बाळ आहे, त्यांनी मात्र शेतातल्या बदलाची वाट न पाहता पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवाल येईपर्यंत बाटलीच्या दुधाला त्या विहिरीचं पाणी वापरू नये.