आज्जींच्या एकादशीचा केक

आमच्या घरी वाढदिवसाची रीत ठरलेली आहे. संध्याकाळी पाट मांडायचा, सासूबाईंनी औक्षण करायचं, हातावर साखर ठेवायची आणि मग केक कापायचा. केक टेबलावर आला, की सासूबाई निरांजन उचलून देवघरात जायच्या. कुणी त्यांना थांबवत नसे. त्या माळकरी. आमच्या घरात अंडं येत नाही. बेकरीतून बिनअंड्याचा केक आणला, तरी त्या म्हणायच्या, "त्याच भांड्यात करत असतील न्हवं? तुम्ही खावा, मला नको." मुलांनाही त्याची सवय झाली होती. आज्जी औक्षण करते आणि केक खात नाही, एवढंच.

गेल्या वर्षी धाकट्या लेकीचा बारावा वाढदिवस नेमका कार्तिकी एकादशीला आला. कॅलेंडरवर बोट ठेवून ती म्हणाली, "म्हणजे आज्जी यंदा तर नाहीच खाणार." थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, उपासाचा केक नाही का गं करता येत?"

मी हसले. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रताळ्यांचं पोतं उभं होतं, तिकडे माझं लक्ष गेलं.

पोत्याची गोष्ट

बेळगावच्या पश्चिमेला तांबड्या मातीची गावं आहेत. तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला वरंब्यांवर रताळ्याचे वेल लावतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणी होते. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि इथली रताळी ट्रकने पार दिल्लीपर्यंत जातात. आमचंही थोडं शेत त्याच भागात आहे. सासरे होते तोवर ते स्वतः लावायचे. ते गेल्यावर शेत वाट्याने दिलंय. वाटेकरी दरवर्षी एक पोतं घरी आणून टाकतो.

गेल्या वर्षी पोतं उतरवताना तो म्हणाला, "वैनी, पुढल्या साली रताळी न्हाईत बघा. दर पडला की काढणीची मजुरीबी निघत नाही." त्याचं चुकीचं नव्हतं. सासूबाई ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पाट ओढून बसल्या आणि रताळी निवडायला लागल्या. खरचटलेली एकीकडे, चांगली एकीकडे, भोकं पडलेली बाहेर.

ही निवड मी त्यांच्याकडूनच शिकले. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं रताळं कडू लागतं. कापून चांगला भाग ठेवावा असं वाटतं, पण ते सगळंच टाकावं आणि गुरांनाही घालू नये. चांगली रताळी न धुता, माती नुसती झटकून, टोपलीत हवेशीर ठेवावीत. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने त्यांचा गाभा घट्ट होतो आणि कितीही शिजवलं तरी तो मऊ पडत नाही. नुकतंच काढलेलं रताळं फारसं गोड नसतं. काही दिवस राहिलं, की त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते. सासूबाई म्हणतात, "पोतं आलं म्हणून लगेच धावू नको. आठ दिवस दम धर."

आम्ही दम धरला नाही. पहिला प्रयोग तिथेच फसला.

कुकर की ओव्हन

वाढदिवसाच्या आधी आठ दिवस मी आणि लेकीने तालीम केली. ताजी रताळी कुकरला लावली, तीन शिट्ट्या केल्या, कुस्करली, राजगिऱ्याच्या पिठात मिसळली. केक नाही, खरवसाची वडी झाली. मध्ये ओलसर, वर चिवट, आणि गोडी जेवढी गुळाची तेवढीच. मोठ्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "भिंतीला लावता येईल."

मग आम्ही दोघींनी जरा वाचलं. रताळ्यात एक विकर असतं, ते पिठाचं रूपांतर माल्टोज नावाच्या साखरेत करतं. साधारण 60 ते 75 अंश तापमानाच्या टप्प्यात ते जोरात काम करतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा भराभर ओलांडतं, मायक्रोवेव्हमध्ये त्याहूनही लवकर. मंद भाजलं, तर त्याला वेळ मिळतो. वर पाणी आटतं, त्यामुळे गर घट्ट होतो. मी हे सासूबाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही चुलीत राखेखाली घालून ठेवत होतो की गं. रात्री घालायचं, सकाळी काढायचं."

तेव्हापासून आमच्याकडे केकासाठी रताळी भाजूनच घेतो. मध्यम जाडीची रताळी धुऊन, पुसून, काट्याने टोचून ओव्हनमध्ये 180 अंशांवर तासभर ठेवायची. सालीतून चिकट पाक बाहेर यायला लागला, की झालं. ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मिठाचा थर द्यायचा, त्यावर रताळी ठेवायची, घट्ट झाकण लावायचं आणि मंद आचेवर 45 मिनिटं ते तासभर, मधे एकदा उलटवून. हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. भाजलेलं रताळं, वर तूप आणि चिमूटभर मीठ, म्हणजे रात्रीचं अर्धं जेवण.

एक सावधगिरी मात्र सांगते. भाजलेलं रताळं रक्तातली साखर लवकर वाढवतं, उकडलेलं त्या मानाने सावकाश. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला उकडलेलं, तेही मोजून.

डब्यावरची बारीक अक्षरं

एकादशीच्या दिवशी सकाळीच केक केला. आठ दिवसांत रताळी मुरली होती, गर छान घट्ट निघाला, आणि केक मस्त फुगला. लेक ओटा पुसता पुसता बेकिंग पावडरचा डबा हातात घेऊन थांबली.

"आई, ह्यात मक्याचा स्टार्च आहे."

मी डबा घेतला. बारीक अक्षरांत खरंच लिहिलं होतं. बहुतेक बेकिंग पावडरींत ओलावा धरून ठेवायला स्टार्च घालतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मका म्हणजे धान्य. एकादशीला चालत नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चिमूटभर तर आहे. त्यांना कुठे कळणार आहे?"

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग डबा घेऊन देवघराकडे गेली. मला आतून ऐकू येत होतं. "आज्जी, केकात चुकून मका गेलाय. थोडासाच. पण गेलाय."

सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस बाळ. तुम्ही खावा तो." आणि त्या बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता ओट्यावरची भांडी बघायला लागल्या. मला खूप ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्यांचा उपास सांभाळते असं मला वाटत होतं.

"दुसऱ्यांदा कराय येतोय काय?" त्यांनी विचारलं.

"पण आई, बेकिंग पावडरीशिवाय फुगणार कसा?"

"खाण्याचा सोडा आहे न्हवं घरात? आंबट दह्यात सोडा घातला की फसफसतंय. एवढं पुस्तकात नाही व्हय?"

पुस्तकात होतं. माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले, की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. बेकिंग पावडरीत हेच आम्ल कोरड्या रूपात घातलेलं असतं, इतकाच फरक. दुपारी आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी सासूबाई स्टुलावर बसून पीठ चाळत होत्या.

केकाचं प्रमाण

मध्यम आकाराची वाटी धरा, साधारण 200 मिलिलिटरची.

भाजलेल्या रताळ्याचा गर 2 वाट्या (सुमारे 600 ग्रॅम कच्ची रताळी लागतात)
राजगिऱ्याचं पीठ दीड वाटी
शिंगाड्याचं पीठ अर्धी वाटी
बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी
पातळ केलेलं साजूक तूप अर्धी वाटी
आंबट दही अर्धी वाटी
खाण्याचा सोडा पाऊण छोटा चमचा
वेलचीपूड 1 छोटा चमचा, थोडं जायफळ, चिमूटभर सैंधव
लागेल तसं दूध, वरून लावायला काजूचे तुकडे

गर गरम असतानाच कुस्करून शिरा काढून टाका आणि त्यातच गूळ विरघळवा. गार झाल्यावर तूप घाला. दोन्ही पिठं, सोडा, सैंधव, वेलची आणि जायफळ एकत्र दोनदा चाळा. ओव्हन 170 अंशांवर तापत ठेवा आणि डब्याला तूप लावून राजगिऱ्याचं पीठ भुरभुरवा. हे सगळं तयार झाल्यावरच गरात दही आणि चाळलेलं पीठ मिसळा, कारण सोडा दह्याला भेटला, की वेळ दवडायचा नाही. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं. फार घट्ट वाटलं तर दूध घाला. 45 ते 50 मिनिटं भाजा. सुरी घालून बघा, कोरडी आली पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. या पिठांत गव्हाचा चिवटपणा नसतो, त्यामुळे गरम केक भुगा होतो.

सोडा हात राखून घाला. जास्त झाला, तर साबणासारखी चव येते आणि पांढऱ्या रताळ्याचा गर हिरवट दिसू शकतो. उपासाला काय चालतं, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. कुणाकडे भगर चालते, कुणाकडे नाही. करण्याआधी घरातल्या मोठ्यांना यादी दाखवा आणि डब्यावरची अक्षरं वाचा.

उरलेल्या पोत्याचं

पोतं काही एका केकात संपत नाही. सकाळी घाई असली, की कीस करते. रताळी किसून पाण्यात टाकायची, म्हणजे काळी पडत नाहीत. मग घट्ट पिळून तूप, जिरं, हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायची, दाण्याचं कूट आणि लिंबू. मुलांना गोड काचऱ्या आवडतात. त्यासाठी जाड चकत्या तुपावर दोन्ही बाजूंनी लालसर करायच्या, गूळ आणि दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवायचं. आमच्या शेजारच्या कन्नड काकू रताळ्याला गेणसु म्हणतात आणि त्याची होळगी करतात, म्हणजे आपली पुरणपोळीच, आत डाळीऐवजी रताळ्याचं पुरण. पोतं आलं, की पाच-सहा रताळी त्यांच्याकडे जातात आणि दोन दिवसांनी होळग्यांचा डबा परत येतो.

त्या दिवशी केक भाजत असताना लेकीने आज्जींना एक माहिती सांगितली. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. बटाटा, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद आणि राजगिराही तिकडचाच. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि आधी तो रताळ्याचंच नाव होता. "म्हणजे आज्जी, तुझं उपासाचं अर्धं ताट परदेशी आहे!" सासूबाईंनी चाळणी आपटून उरलेलं पीठ काढलं आणि म्हणाल्या, "विठ्ठलाला चालतंय न्हवं? मग झालं तर."

संध्याकाळी औक्षण झालं. केक कापला. लेकीने पहिला तुकडा देवापुढे ठेवला आणि दुसरा आज्जींच्या हातावर. त्या या वेळी देवघरात गेल्या नाहीत. हळूहळू खाल्ला, हाताला लागलेला चुरासुद्धा. मग म्हणाल्या, "बरा झालाय. जायफळ जरा कमी घाल." लेकीने वहीत लिहून घेतलं. सकाळचा केक मोठ्याने आणि त्याच्या मित्रांनी संपवला, भिंतीला लावायची वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाटेकऱ्याला फोन करायला लावला. पुढल्या साली काय लावणार, ते त्याचं त्याने ठरवावं, फक्त थोडे वेल आणून द्यावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रताळ्याचं बी पेरत नाहीत, वेलाचाच तुकडा लावतात. त्यामुळे उन्हाळाभर वेल जगवला नाही, तर ते वाण घरातून जातं. सासरे विहिरीकडेला जगवायचे. आज्जींनी तो आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर जगवला. कडक उन्हाळ्यात लेक शाळेतून आली, की दप्तर टाकून आधी त्याला पाणी घालायची.

मृगाचा पाऊस झाल्यावर दोघींनी मिळून वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे कापले. अर्धे परसातल्या वरंब्यावर लावले, अर्धे तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून गच्चीवर. साधारण चार महिने लागतात. पानं आता हिरवीगार पसरली आहेत. कोवळ्या शेंड्यांची भाजीही होते, पण लेक शेंडे खुडू देत नाही.

खाली किती धरलंय, ते खणल्याशिवाय कळणार नाही. कार्तिकीच्या आधी आठ दिवस खणायचं, असं आज्जी आणि नातीचं ठरलंय. दम धरायला तेवढे दिवस हवेतच.