यंत्राची नजर आणि माणसाची ओळख

वर्गात नवा विद्यार्थी आला की त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच आम्ही शिक्षक मनातल्या मनात एक शेरा मारून मोकळे होतो: हुशार, मठ्ठ, खोडकर. पुढे मूल समजू लागले की तो शेरा बहुधा आम्हालाच पुसावा लागतो. परंतु असे शेरे यंत्राला शिकवले गेले, तर ते कोणी पुसायचे? हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर मांडला तो काही कलावंतांनी.

कृत्रिम बुद्धिमत्ता छायाचित्र 'ओळखते' म्हणजे काय करते, हे आधी समजून घेऊ. यंत्राला लाखो छायाचित्रे दाखवली जातात. प्रत्येकावर माणसाने एक नाव चिकटवलेले असते. यंत्र त्या चित्रांतील साम्य आकड्यांत साठवते आणि नव्या चित्रावर तेच नाव लावते. 'इमेजनेट' हा अशा चित्रांचा प्रसिद्ध संग्रह. फेइ-फेइ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मांडला. त्यात एक कोटी चाळीस लाखांहून अधिक चित्रे आहेत. ती इंटरनेटवरून घेतली गेली आणि अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या असंख्य अनाम माणसांनी त्यांची वर्गवारी केली.

कलावंत ट्रेव्हर पॅग्लन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी या संग्रहातील 'माणूस' हा विभाग उघडून पाहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीतील मिलान येथे त्यांनी प्रदर्शन भरवले. त्याच सुमारास 'इमेजनेट रूलेट' ही त्यांची कलाकृती इंटरनेटवर गाजली. कोणीही आपले छायाचित्र द्यावे आणि यंत्राने काय नाव दिले ते पाहावे, एवढीच तिची रचना. कोणाला 'गुन्हेगार' म्हटले गेले, तर कोणाला वंशवाचक शिवी मिळाली. यंत्राने हे शब्द स्वतः शोधले नव्हते; ते माणसांनीच यादीत घातले होते. यानंतर थोड्याच दिवसांत इमेजनेटने माणसांची सुमारे सहा लाख चित्रे वगळण्याचे जाहीर केले.

जॉय ब्युओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिका आणि कवयित्री. अमेरिकेतील एमआयटीत आरशाची एक कलाकृती घडवत असताना यंत्राला त्यांचा चेहराच दिसेना; पांढरा मुखवटा घातला तेव्हा दिसला! पुढे २०१८ मध्ये टिमनिट गेब्रू यांच्यासह त्यांनी तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या व काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटू नये. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझ्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींचा वंश व दर्जा सांगण्याचा खटाटोप केला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे हाती घेतले आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने भिन्न नाहीत. मोजमापाला ते घाबरले नाहीत. मोजणाऱ्याच्या गृहीतकाची त्यांनी झडती घेतली. या कलावंतांनीही तेच केले.

आज आपल्याकडे विमानतळावर आणि अंगणवाडीतील आहारवाटपातही चेहऱ्याची पडताळणी होऊ लागली आहे. ही पडताळणी वरील वर्गवारीहून वेगळी असली, तरी चेहरा जुळला नाही तर रिकाम्या हाताने परतणारी आई कोणत्या वस्तीतली असेल, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांकडे, विशेषतः संगणकक्षेत्रात गेलेल्यांकडे, एक मागणे आहे. यंत्राने सांगितले म्हणून मान्य करू नका. हे नाव कोणी दिले, कोणत्या चित्रांवरून दिले आणि चुकले तर दाद कोठे मागायची, हे तीन प्रश्न विचारा. जन्मावरून चिकटवलेली नावे पुसण्यासाठी आपल्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. ती यंत्राच्या मुखातून पुन्हा ऐकण्याची वेळ आपल्या लेकरांवर येऊ नये.